कुकीत पत्ता ठेवताना &, %, + आणि ; कुठे दगा देतात?

ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्या छोट्या दुकानदारांसाठीच्या मालिकेतला हा पुढचा धडा. व्हिडिओ पाहिला असेल तर हा लेख वहीसारखा जवळ ठेवा. पाहिला नसेल तरी अडणार नाही, सगळं इथे पहिल्यापासून सांगितलंय.

विषय ऐकायला तांत्रिक वाटेल, पण त्याचा संबंध थेट गल्ल्याशी आहे. कोणत्या जाहिरातीतून गिऱ्हाईक आलं, हे तुमची वेबसाइट बहुतेक वेळा कुकीत लिहून ठेवते. ते लिहिताना एखादं चिन्ह चुकीच्या पद्धतीने ठेवलं गेलं, तर हिशोब बिघडतो आणि चालणारी जाहिरात तुम्ही स्वतःच्या हाताने बंद करता. तुम्हाला कोडिंग शिकायची गरज नाही. पण कुठे काय तुटतं हे कळलं, तर वेबसाइट बनवणाऱ्याला नेमका प्रश्न विचारता येतो.

आधी हिशोब कसा बिघडतो ते बघू

समजा, डोंबिवली पूर्वेला तुमचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत डिलिव्हरी देता. दिवाळीच्या आधी तुम्ही तीन जाहिराती लावल्या, प्रत्येकी ₹३,००० खर्चून. त्यांची नावं अशी ठेवली:

१) दिवाळी ५०% सूट
२) चकली & करंजी
३) १+१ लाडू; फक्त कल्याण

प्रत्येक जाहिरातीच्या लिंकमध्ये शेवटी तिचं नाव जोडलेलं आहे. गिऱ्हाईक लिंकवर आलं की साइट ते नाव कुकीत ठेवते, आणि ऑर्डर पडली की ते नाव तुमच्या ऑर्डरच्या शीटमध्ये उतरतं. पंधरा दिवसांनी ६० ऑर्डर झाल्या. शीट उघडली तर "चकली" नावाने १४, "१ १ लाडू" नावाने ९, आणि उरलेल्या ३७ ऑर्डरींसमोर काहीच नाही.

तुम्ही काय म्हणाल? "५०% सूटवाली जाहिरात फुकट गेली, एकही ऑर्डर नाही. बंद करा." खरं तर त्या ३७ पैकी बऱ्याच ऑर्डर तिच्याच असू शकतात. नाव वाटेत गळालं, एवढंच. दुसऱ्या नावातली "करंजी" गेली, तिसऱ्यातला + गेला आणि "फक्त कल्याण" गेलं. आकडे काल्पनिक आहेत, पण तुटण्याची पद्धत अगदी खरी आहे. ती एकेक करून समजून घेऊ.

कुकी म्हणजे नेमकं काय

वेबसाइटला मुळात स्मरणशक्ती नसते. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तिच्या दृष्टीने तुम्ही नवीनच माणूस. त्यावर उपाय म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी कुकी आणली. गिऱ्हाइकाने पिशवीत काय काय टाकलंय हे लक्षात ठेवायचं, ही तिच्यामागची एक मोठी गरज होती. म्हणजे कुकी जन्मापासूनच दुकानदारीशी जोडलेली आहे.

कुकी ही गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली एक छोटी चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीची रचना ठरलेली असते: आधी नाव, मग = हे चिन्ह, मग मजकूर. मजकूर संपला की ; येतो, आणि त्याच्यापुढे सूचना असतात: ही चिठ्ठी किती दिवस ठेवायची, साइटच्या कोणत्या भागात चालेल, वगैरे.

आता मुद्द्याचं. ब्राउझर चिठ्ठी ठेवून घेताना पहिला ; दिसला की समजतो, मजकूर संपला. पुढचं सगळं त्याला सूचना वाटतं. "१+१ लाडू; फक्त कल्याण" मधलं "फक्त कल्याण" त्याला सूचनाच वाटली. अशी कोणतीही सूचना त्याला माहीत नाही, म्हणून त्याने ती गुपचूप सोडून दिली. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. म्हणूनच हा दोष महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

कुकीचे नियम २०११ मध्ये आरएफसी ६२६५ या मानकात नीट लिहिले गेले. त्यानुसार कुकीच्या मजकुरात मोकळी जागा, स्वल्पविराम, ; , दुहेरी अवतरणचिन्ह आणि उलटी तिरकी रेघ ठेवू नये. रोमन लिपीबाहेरची अक्षरंही, म्हणजे आपली देवनागरी, तिथे थेट बसत नाहीत. काही ब्राउझर चालवून घेतात, पण सर्व्हर ती वेगळ्याच पद्धतीने वाचतो आणि शीटमध्ये कचरा उतरतो. एका फोनवर चाललं म्हणजे सगळीकडे चालेल असं समजू नका.

पत्त्याचीही स्वतःची चिन्हं असतात

वेब पत्ता म्हणजे यूआरएल. त्यातही काही चिन्हांना ठरलेलं काम असतं. एक काल्पनिक पत्ता घेऊ:

उदाहरण.भारत/फराळ?वस्तू=चकली&नग=२#दर

यातला / पानांचा रस्ता दाखवतो. ? म्हणजे इथून पुढे माहिती सुरू. = च्या डावीकडे माहितीचं नाव, उजवीकडे मजकूर. & म्हणजे एक माहिती संपली, दुसरी सुरू. # म्हणजे त्याच पानावरची एखादी जागा. # आणि त्यापुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही.

आता "चकली & करंजी" चं काय झालं ते बघा. लिंकमध्ये जाहिरात=चकली & करंजी असं जसंच्या तसं गेलं. & दिसताच साइट म्हणाली, जाहिरातीचं नाव "चकली" इथे संपलं, पुढे दुसरी कुठलीतरी माहिती आहे. "#दिवाळी ऑफर" असं नाव ठेवलं असतं तर सर्व्हरपर्यंत काहीच पोचलं नसतं.

+ ची गंमत वेगळी. पत्त्याच्या ? नंतरच्या भागात + म्हणजे मोकळी जागा, अशी फॉर्मची जुनी रीत आहे. त्यामुळे "१+१" वाचणाऱ्याने "१ १" असं वाचलं. ऑफरचा अर्थच गेला.

म्हणजे एका चिन्हाचे दोन अर्थ होतात. तुमच्यासाठी & म्हणजे "आणि". पत्त्यासाठी & म्हणजे "पुढची माहिती". कोणता अर्थ घ्यायचा हे यंत्राला सांगावं लागतं. ते सांगण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. मी वर्गात याला "बांधणं" म्हणतो, आणि उलट क्रियेला, म्हणजे डिकोडिंगला, "सोडणं". लेखभर हेच शब्द वापरतो.

बांधायचं म्हणजे काय करायचं

पद्धत सोपी आहे. गोंधळ घालणारं चिन्ह काढायचं आणि त्या जागी % आणि दोन अंक-अक्षरांचा ठरलेला क्रमांक लिहायचा. पत्त्यांसाठीचा सध्याचा नियम २००५ च्या आरएफसी ३९८६ या मानकात आहे. आपल्याला दुकानात लागणारी चिन्हं ही:

- मोकळी जागा → %२०
- & → %२६
- % → %२५
- # → %२३
- + → %२बी
- , → %२सी
- / → %२एफ
- ; → %३बी
- = → %३डी
- ? → %३एफ

(इथे सगळं देवनागरीत लिहिलंय. स्क्रीनवर हे अंक आणि ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरं रोमन लिपीत दिसतील.)

यादीत % स्वतःसुद्धा आहे, हे लक्षात घ्या. कारण % दिसला की सोडणारं यंत्र समजतं, आता पुढे दोन अंक-अक्षरं येणार. "५०% सूट" मध्ये % नंतर मोकळी जागा आली, क्रमांक नाहीच. जावास्क्रिप्टमधलं नेहमीचं सोडण्याचं फंक्शन अशा वेळी एरर देतं आणि त्याच्या पुढचा कोड थांबतो. कोड लिहिणाऱ्याने एरर सांभाळली नसेल, तर नाव रिकामं राहतं. वाईट योग असेल तर त्याच कोडवर चालणारं "ऑर्डर करा" बटणही दबत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं ओढणारी "५०% सूट" हीच जाहिरात दुकानाचं दार अडवते. एका चिन्हामुळे!

बांधलेलं नाव "५०%२५ सूट" असं जातं (मोकळी जागा आणि अक्षरंही बांधली जातात, ती वाचायला सोपं म्हणून तशीच ठेवली). सोडलं की पुन्हा "५०% सूट". काही हरवत नाही.

मराठी अक्षरांना जागा जास्त लागते

मराठी विकिपीडियावरच्या लेखाची लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की कधीकधी % % % अशी लांबलचक माळ येते, पाहिलीच असेल. अनेकांना तो व्हायरस वाटतो. तसं काही नाही, ती बांधलेली देवनागरी आहे.

युनिकोडमधलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना ३ बाइट घेतं. प्रत्येक बाइट बांधला की % धरून ३ खुणा होतात. म्हणजे एका चिन्हाच्या ९ खुणा. उदाहरणार्थ ठ हे अक्षर "%ई०%ए४%ए०" असं होतं. आणि चिन्ह म्हणजे फक्त अक्षर नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात.

आपली तीन गावं घेऊन मोजू:

- ठाणे: ठ, काना, ण, मात्रा. ४ चिन्हं, ३६ खुणा.
- कल्याण: क, ल, हलन्त, य, काना, ण. ६ चिन्हं, ५४ खुणा.
- डोंबिवली: ड, ओकार, अनुस्वार, ब, वेलांटी, व, ल, वेलांटी. ८ चिन्हं, ७२ खुणा.

₹ या चिन्हाच्याही ९ खुणा होतात.

हे मोजायचं कारण असं की कुकीची जागा मर्यादित असते. एका कुकीसाठी साधारण ४,०९६ बाइट धरून चालायचं, तेही नाव आणि सूचना मिळून. ४,०९६ भागिले ९, म्हणजे फार तर ४५५ देवनागरी चिन्हं. ऐकायला भरपूर वाटतं. पण लांब मराठी पत्ता, त्यात गावाचं नाव, वस्तूचं नाव, जाहिरातीचं नाव, वर फेसबुक आणि गूगल स्वतःहून जोडतात त्या लांब खुणा, असं सगळं एका कुकीत कोंबलं की मर्यादा जवळ येते. मर्यादा ओलांडली की ब्राउझर ती कुकी ठेवतच नाही. पुन्हा तेच, एरर दिसत नाही.

मराठी पत्ता घेऊच नये, असं मात्र माझं म्हणणं नाही. ".भारत" हे देवनागरी डोमेन २०१४ मध्ये सुरू झालं, ते मराठीसाठीही चालतं. पण एक फरक ओळखा. डोमेनच्या नावाची बांधणी वेगळ्या पद्धतीने होते, तिला प्युनीकोड म्हणतात; ते नाव आतून "एक्सएन" ने सुरू होणारं रोमन रूप घेतं. डोमेननंतरचा रस्ता आणि ? पुढची माहिती मात्र % पद्धतीने बांधली जाते. एकाच पत्त्यात दोन पद्धती असतात. हे हाताने करायला जाऊ नका, तयार फंक्शन वापरा.

किती वेळा बांधायचं? सगळ्यात जास्त चुका इथे होतात

कुरियरचं उदाहरण घ्या. एका पाकिटात तुम्ही दुसरं, पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवलं. आतल्या पाकिटावरचा पत्ता कुरियरवाल्याने वाचायचा नाहीये. म्हणून बाहेरचं पाकीट नीट बंद करायचं. ज्याला मिळेल तो बाहेरचं उघडेल, आणि आतलं पाकीट त्याला जसंच्या तसं मिळेल.

कुकीत पत्ता ठेवणं असंच आहे. पत्ता आधीच आतून बांधलेला असू शकतो, त्यात %२० वगैरे असतील. तरीही कुकीत ठेवताना पूर्ण पत्ता पुन्हा एकदा बांधायचा. तेव्हा %२० चं %२५२० होईल. घाबरू नका, ते बरोबर आहे. कुकीतून काढताना एकदा सोडलं की पुन्हा %२० असलेला मूळ पत्ता हातात येतो.

नियम एकच: प्रत्येक पाकिटासाठी एकदा बांधायचं, आणि जितक्यांदा बांधलं तितक्यांदाच सोडायचं.

हा नियम दोन बाजूंनी मोडतो.

पहिली बाजू, एकदा जास्त बांधणं. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालतं, तिच्यात "सेट-कुकी" हे फंक्शन मजकूर स्वतःच बांधून ठेवतं. डेव्हलपरने त्याआधी हातानेही बांधलं, तर एकाच पाकिटाला दोनदा चिकटपट्टी लागते. वाचताना एकदाच सोडलं जातं आणि शीटमध्ये %ची माळ उरते. वर जागाही वाढते. प्रत्येक % चा %२५ होतो, त्यामुळे एका देवनागरी चिन्हाच्या ९ ऐवजी १५ खुणा. "ठाणे" ३६ वरून ६० वर. (पीएचपीत "सेट-रॉ-कुकी" असंही फंक्शन आहे, ते काहीच बांधत नाही. कोणतं वापरलंय ते विचारा.)

दुसरी बाजू, एकदा जास्त सोडणं. "५०%२५ सूट" एकदा सोडलं की "५०% सूट" झालं. पुन्हा सोडायला गेलात की एरर. म्हणजे बांधणी बरोबर असूनही दुकान बंद.

जावास्क्रिप्टने कुकी ठेवली तर ब्राउझर आपणहून काही बांधत नाही, ते डेव्हलपरनेच करायचं. तिथे तीन सारख्या नावांची फंक्शनं आहेत:

- "एन्कोड-यूआरआय-कंपोनंट": कुकीत किंवा दुसऱ्या पत्त्यात ठेवायच्या मजकुरासाठी हेच हवं. वरच्या यादीतली सगळी चिन्हं हे बांधतं.
- "एन्कोड-यूआरआय": हे ; , / ? & = + # यांना हात लावत नाही. अख्खा पत्ता चालू ठेवण्यासाठी ते ठीक, पण कुकीसाठी उपयोगाचं नाही, कारण ; तसाच राहतो.
- "एस्केप": जुनं फंक्शन. देवनागरी अक्षराचं ते वेगळंच रूप करतं, ठ चं "%यू०९२०". सर्व्हरवरची नेहमीची सोडण्याची पद्धत हे ओळखत नाही. इंग्रजी साइटवर वर्षानुवर्षं चाललेला कोड मराठी नावं आली की अडतो, त्याचं एक कारण हेच.

आणखी एक बारीक जागा, वाचताना लागणारी. कुकी वाचणारे काही कोड = या चिन्हावर तुकडे करून दुसरा तुकडा उचलतात. मजकूर न बांधलेला पत्ता असेल, तर त्यातही = असतोच. मग पत्ता पहिल्या = पाशी तुटतो. बांधलेला असेल तर = चं %३डी झालेलं असतं, आणि हा प्रश्न उरत नाही.

लॉगिननंतर परत त्याच पानावर

कुकीत पत्ता ठेवण्याचं दुसरं मोठं काम म्हणजे गिऱ्हाइकाला परत जागेवर आणणं. कल्याणची एक ताई तुमच्या साइटवर चकली, नग २, असं निवडते. साइट सांगते, आधी मोबाइल नंबरने लॉगिन करा. ओटीपी टाकल्यावर ती थेट चकलीच्या पानावर यायला हवी, नग २ सकट. त्यासाठी साइट आधीचा पत्ता कुकीत किंवा लॉगिनच्या लिंकमध्ये ठेवते.

लिंकमध्ये न बांधता ठेवला तर काय होईल? "लॉगिन?परत=/फराळ?वस्तू=चकली&नग=२" यातला & बाहेरच्या लिंकचा समजला जातो. ताई परत येते, पण नग २ गेलेलं असतं. पुन्हा निवडायचं? अनेक जणी तिथेच ॲप बंद करून शेजारच्या दुकानात फोन लावतात. बांधून ठेवला तर "परत" चा मजकूर अखंड राहतो.

इथेच सुरक्षेची गोष्ट येते, ती नीट वाचा. कुकी आणि लिंक या दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकाच्या बाजूला असतात. कोणीही त्यात बदल करू शकतं. एखाद्या भामट्याने "परत" च्या जागी स्वतःच्या साइटचा पत्ता बांधून लिंक पसरवली, तर गिऱ्हाईक तुमच्या खऱ्या साइटवर लॉगिन करतं आणि क्षणात खोट्या पानावर पोचतं. तिथे "पैसे भरा" दिसतं. गिऱ्हाइकाच्या लेखी फसवणूक तुमच्या दुकानात झाली.

म्हणून पत्ता सोडल्यावर, वापरण्याआधी, तपासायचा. तो एकाच / ने सुरू होतोय का? दोन // असतील, किंवा / नंतर उलटी तिरकी रेघ असेल, तर ब्राउझर त्याला दुसऱ्या साइटचा पत्ता समजू शकतो. असा पत्ता टाकून द्यायचा आणि गिऱ्हाइकाला मुख्य पानावर न्यायचं. लक्षात ठेवा, बांधणीने मजकूर शाबूत राहतो, सुरक्षित होत नाही. ते कुलूप नाही, नुसती गाठ आहे, कोणीही सोडू शकतं.

त्याच कारणाने गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर, घराचा पत्ता, ओटीपी हे कधीही वेब पत्त्यात घालू नका, आणि म्हणून कुकीतही जाऊ देऊ नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा केंद्रीय कायदा आहे. कायद्याआधीही ही साधी दुकानदारी आहे: गिऱ्हाइकाची चिठ्ठी चव्हाट्यावर ठेवायची नसते.

मुळातच काम सोपं करा: नावांची वही

तंत्र बरोबर असलं तरी मी आपल्या लोकांना एक सवय लावायला सांगतो. जाहिरातीला लांब मराठी नाव देऊ नका, छोटा कोड द्या. रोमन लहान अक्षरं, अंक आणि मधली आडवी रेघ, एवढंच वापरा. आणि वहीत, किंवा शीटच्या पहिल्या पानावर, त्याचा अर्थ लिहा:

- डी-०१ : दिवाळी ५०% सूट, डोंबिवली पूर्व
- डी-०२ : चकली & करंजी, ठाणे नौपाडा
- डी-०३ : १+१ लाडू; फक्त कल्याण

(कोड लिंकमध्ये रोमन लिपीत टाका.) गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या जाहिरातीत मराठी, %, &, ₹ सगळं बिनधास्त वापरा. कोड फक्त लिंकच्या शेपटीत जातो. कुकीतही अख्खा पत्ता ठेवण्यापेक्षा हा कोड ठेवा. चार-पाच खुणांत काम होतं, मर्यादेचा प्रश्न येत नाही, आणि शीट वाचायला सोपी राहते.

मग बांधणी शिकून उपयोग काय, असं विचाराल. उपयोग आहे. परत आणण्याचा पत्ता तुमच्या हातात नसतो, लोक शोधपेटीत "चकली 1/2 किलो" काहीही लिहितात, आणि लिंकला बाकीच्या कंपन्या आपापल्या खुणा जोडतात. कोड ही पहिली काळजी, बांधणी ही दुसरी. दोन्ही हव्यात.

वेबसाइट बनवणाऱ्याला विचारायचे पाच प्रश्न

१) गिऱ्हाईक कुठून आलं ते कुकीत ठेवताय का? अख्खा पत्ता की फक्त कोड?
२) मजकूर कुठे बांधला जातो आणि कुठे सोडला जातो? दोन्हीकडे एकेकदाच ना?
३) जावास्क्रिप्टमध्ये "एन्कोड-यूआरआय-कंपोनंट" आहे की दुसरं काही?
४) सोडताना एरर आली तर ऑर्डरचं बटण चालू राहतं ना?
५) लॉगिननंतर परत नेताना पत्ता आपल्याच साइटचा आहे, हे तपासताय का?

उत्तरं देताना तो चिडला तरी चालेल. पैसे तुमचे जातायत. उत्तर "हो, सगळं होतं आपोआप" असं आलं, तर पुढची तपासणी स्वतः करा.

स्वतः तपासा, लॅपटॉपवर दहा मिनिटं

१) तुमच्या साइटच्या लिंकपुढे तपासणीचं नाव जोडा, ज्यात सगळी चिन्हं असतील: ठाणे 50% & 1+1; #अ. डेव्हलपरकडून ते बांधून घ्या.
२) क्रोममध्ये इन्कॉग्निटो खिडकीत ती लिंक उघडा, म्हणजे जुन्या कुकी मध्ये येणार नाहीत.
३) एफ-१२ दाबा, वर "ॲप्लिकेशन" निवडा, डावीकडे "कुकीज" मध्ये आपल्या साइटचं नाव दाबा.
४) संबंधित कुकीवर टिचकी मारा. खाली मजकूर दिसेल. तिथेच "शो यूआरएल डिकोडेड" अशी चौकट आहे, तिच्यावर खूण करा. सगळं नाव अखंड दिसलं तर बांधणी ठीक. खूण केल्यावरही %२५ किंवा %ची माळ दिसली, तर बहुधा दोनदा बांधलंय. नाव मध्येच तुटलं असेल, तर शेवटचं अक्षर बघा; त्याच्या पुढचं चिन्ह गुन्हेगार आहे.
५) एक खोटी ऑर्डर टाका आणि शीटमध्ये नाव कसं उतरतं ते बघा. कुकी बरोबर आणि शीट चूक, म्हणजे सोडताना घोळ आहे.

मोठा सण तोंडावर आला की जाहिरातींवर पैसे लावण्याआधी ही तपासणी करा. फडके रोडवर गर्दी सुरू झाल्यावर वेबसाइटची दुरुस्ती काढायची नसते.

गृहपाठ

लॅपटॉप नसेल तर फोनवर हा प्रयोग करा, नियम तोच आहे. व्हॉट्सॲपची "थेट चॅट" लिंक असते ना, जिच्यात नंबरपुढे "टेक्स्ट=" लिहून तयार मेसेज देता येतो? त्यात "चकली & करंजी हवी" असं जसंच्या तसं लिहा आणि लिंक उघडा. मेसेज "चकली" पाशी थांबेल. आता & काढून तिथे %२६ (रोमन अंकांत) लिहा आणि पुन्हा उघडा. पूर्ण मेसेज दिसेल.

मग तुमच्या सध्या चालू असलेल्या सगळ्या लिंकांची यादी काढा: इन्स्टाग्राम बायोमधली, व्हिजिटिंग कार्डावरच्या क्यूआरमधली, जाहिरातींमधली. ज्यांत &, %, +, # किंवा ; असं चिन्ह नावाच्या मध्येच आलंय, त्यांच्यावर खूण करा. शीटमध्ये ज्या ऑर्डरींसमोर नाव नाही त्यांची संख्या त्या यादीशेजारी लिहा. एखादी जाहिरात बंद करायचा निर्णय त्यानंतर घ्या, त्याआधी नको.

भेटूया पुढच्या धड्यात. तोपर्यंत, बांधा एकदा, सोडा एकदा!